ओढून आणलेलं उत्तर

उत्तर दिसत नाही, हे रडगाणं वायरमनला रोज ऐकावं लागायचं. दुकानाच्या कोपऱ्यात त्याने एक छोटा सर्व्हर ठेवला होता. आसपासची धंदेवाली मंडळी त्याच्याकडून त्यावर खाती उघडून घ्यायची आणि गप्पा मारायची. असे सर्व्हर गावोगावी होते, ज्याचा त्याने सांभाळायचा, आणि सगळ्यांची एकमेकांत निरोपांची देवाणघेवाण चालायची. एवढी साधी गोष्ट, पण लोकांच्या टाळक्यात शिरेल तर शपथ. सुतार पासवर्ड विसरायचा आणि सर्व्हर बंद पडला म्हणून बोंबलायचा. न्हावी मेव्हण्याला स्वतःच ब्लॉक करायचा, वर तो उत्तर देत नाही म्हणून रुसायचा. सगळे एका माळेचे मणी, बिनडोक.

त्या दुपारी थोरल्या भावाची बायको आली, तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

"भावजी, माझ्या पोस्टखाली उत्तरं दोन म्हणतंय. दिसतं एकच, लेकीचं."

"दुसरं बाहेरच्या सर्व्हरवरचं असेल. इथून कुणी ओढून आणल्याशिवाय ते येत नाही. किती वेळा सांगायचं, वहिनी? बसा."

ती बाकाच्या मधोमध बसली. "लेकीकडे राहायला जाऊ का, असं यांना विचारलं होतं."

वायरमनने हातातला पाना खाली ठेवला.

'यांना' म्हणजे थोरल्याला. त्याचा सर्व्हर गोदामात होता. गोदाम पेटलं, हा शहाणा मशीन काढायला आत गेला, आणि दोघंही आतच राहिले. मशीनचा वितळलेला गोळा वायरमनने स्वतःच्या हाताने फेकला होता. तेव्हापासून वहिनी घरात एकटी, खाल्लं तर खाल्लं. आज लेक न्यायला आली होती, बाहेर गाडीत खोळंबली होती, आणि ही म्हणे यांचं उत्तर वाचल्याशिवाय हलणार नाही.

"ही लिंक आलीय," वहिनी म्हणाली. "दाबली तर काही उघडत नाही."

"उघडेल कशी? पलीकडे मशीनच नाही. कुणी भामट्याने त्या सर्व्हरचा पत्ता आपल्या नावावर घेतला असेल, आणि तुमच्यासारखे भोळे गळाला लागतात. इकडे द्या."

पद्धत सोपी होती. लिंक आपल्या सर्व्हरच्या शोधायच्या चौकटीत टाकायची. सर्व्हर पलीकडच्या दारात जातो आणि उत्तर घेऊन येतो. पलीकडे कुणी नसेल तर 'सापडलं नाही' म्हणतो. तेवढंच त्याला वहिनीला दाखवायचं होतं.

"सापडलं नाही असं आलं की गपचूप गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल."

त्याने लिंक टाकली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. सर्व्हरचा पंखा घरघरू लागला. मग वास आला. जळक्या वायरीचा वास वायरमन झोपेतही ओळखायचा. हा तो नव्हता. जळून मग पाण्याने भिजलेल्या गोणपाटाचा वास होता.

चक्र थांबलं. थोरल्याच्या नावाने उत्तर आलं होतं.

'एकटी जाऊ नकोस. इथून न्यायला कुणी येतच नव्हतं. आता येतो.'

"हरामखोर," वायरमन भामट्याला उद्देशून म्हणाला, आणि तो अख्खा सर्व्हर ब्लॉक करायला निघाला. पडद्याने कळवलं, असा सर्व्हर माहीत नाही. मग त्याने ते खातं उघडलं. नावापुढे गोदामातल्या सर्व्हरचा पत्ता असायला हवा होता. तिथे त्याच्याच दुकानातल्या सर्व्हरचा होता. बाहेरचा पाहुणा नव्हे, इथलाच माणूस. हे खातं त्याने तयार केलं नव्हतं, आणि इथे त्याच्याशिवाय ते कुणाला तयार करताही येत नव्हतं.

त्याने प्लग उपटला. पंखा थांबला. वास मात्र वाढला.

बाहेर लेकीने हॉर्न वाजवला.

"वहिनी... उठा. गाडीत बसा."

"असं काय करता, भावजी..." वहिनी हळूच हसली. किती दिवसांनी हसली. "थांबा की जरा. आत्ता तर हे आले..."

"कोण आलं... इथे कुणी नाही, वहिनी. डोकं ठिकाणावर आहे ना..."

पदर आवरून ती बाकाच्या एका कडेला सरकली, आणि बाकाचं मोकळं टोक करकरत खाली दबलं.