मुकं केलेलं घड्याळ

दिवा राहू द्या. अंधारात मला नीट सांगता येत नाही. तसं उजेडातही येत नाही म्हणा. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, तरी ही गोष्ट सांगताना आपलंच काही चुकतंय का, असं दर वाक्याला वाटतं. पण घडली ती माझ्या मावसबहिणीच्या घरी, आणि त्यातलं एक साधं काम माझ्याकडे होतं. घड्याळ दुरुस्तीला टाकायचं.

घड्याळ तिच्या सासऱ्यांचं. ते नुकतेच गेले होते. बड्या कंपनीची नक्कल, किल्ली न देता चालणारी. अशा घड्याळात अर्धचंद्रासारखी चकती असते. मनगट हललं की ती फिरते आणि घड्याळाला आपोआप किल्ली बसते. चांगल्या घड्याळात हे कानाला कळतही नाही. यात खुळखुळा वाजायचा. शिवाय रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. सासरे मात्र अस्सल म्हणून मिरवायचे. घड्याळ नकली, दरारा अस्सल! जिन्यात खुळखुळ ऐकू आली की बहीण शिलाई मशीन थांबवून वर चादर टाकायची. ‘या घरची सून लोकांची शिवणं करणार नाही,’ असा त्यांचा हुकूम.

“दादा, बोटीवरून आल्यावर ह्यांना ते घालायचंय,” ती म्हणाली. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. “घालू देत. पण तो आवाज पुन्हा या घरात नको. मुकं करून आणा.”

घड्याळजीने ते कानाशी हलवलं. “प्रोफेसर, हे घड्याळ आहे की चिल्लरचा डबा? चकतीचं बेअरिंग गेलंय. नवं मिळेपर्यंत चकती माझ्याकडे. तोवर हाताने किल्ली द्या म्हणावं.”

माझ्यासमोर त्याने चकती डबीत ठेवली, डबी खणात, खणाला कुलूप. उरलेलं घड्याळ मी बहिणीला नेऊन दिलं. तिने ते कपाटात टाकलं.

जानेवारीतला पहिला गुरुवार. रात्रीचे साडेबारा. दवाखान्याचे हिरवे पडदे सकाळी पोचवायचे होते. तिचं पहिलं मोठं काम. ते चुकलं असतं तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. घरात ती एकटीच.

जिन्यात खुळखुळ झाली.

मशीनच्या पायडलवरचा पाय आपोआप उचलला गेला. हात चादरीकडे गेला. सवयीने... मग तिला आठवलं. चकती तर दुकानात आहे.

तिने कपाट उघडलं. घड्याळ आत होतं. बंद.

खुळखुळ. आता दाराशी.

मग खोलीत.

मग तिच्या खांद्यामागे... कुणी हात उगारावा तशी.

मी असतो तर पळालो असतो. खोटं कशाला बोलू? तिने मागे पाहिलंसुद्धा नाही.

“मामंजी,” ती म्हणाली, “तुमचा आवाज खूप ऐकला. आता माझा ऐका.”

आणि पाय मारला. मशीन धडधडलं. खुळखुळ वाढली. तिने वेग वाढवला. एकाएकी सुईतला दोरा हिसकला गेला. रीळ गरगर फिरलं... दोरा तुटला. तिने पुन्हा ओवला. सुईचं नेढं सापडेना. सापडलं. पुन्हा पाय.

उजाडेपर्यंत.

“मग ती खुळखुळ थांबली कधी?” मी नंतर विचारलं.

“ऐकायला वेळ कुणाला होता, दादा? पडदे पोचले ना!”

त्याच दुपारी घड्याळजीचा निरोप आला, बेअरिंग मिळालंय. मी गेलो. त्याने खणाचं कुलूप काढलं, डबी उघडली आणि माझ्याकडे बघत राहिला.

“प्रोफेसर... ही थट्टा कुणाची?”

चकतीवर हिरवा दोरा गुंडाळलेला होता. घट्ट.

मी ती तशीच बहिणीकडे नेली. तिने बोटांनी चाचपून पाहिली.

“माझाच दोरा,” ती म्हणाली. “सोडवू नका. राहू दे बांधलेली.”

तेव्हापासून ती चकती माझ्यापाशी आहे. ही घ्या, दिव्याखाली धरा. डोळे तुमचे तरुण आहेत, नीट बघा... त्या दोऱ्याला गाठ कुठेच नाही.