ताम्हणातला बँड

माझ्या थापा धारवाडभर प्रसिद्ध आहेत, म्हणूनच ही हकिगत मी आजवर कोणाला सांगितली नाही. खरी गोष्ट फुकट गेली असती.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. न्यायाधीशाच्या रिकाम्या जागेसाठी आमच्या वकील मंडळाचं मत मागवलं होतं आणि नाव होतं आमच्यातल्याच वकील शकुंतलाक्कांचं. ठराव संध्याकाळच्या बेंगळूर बसने गेला नाही, तर नाव बाद. बाळाचार्य वकिलांना तिथे आपला भाचा मुकुल हवा होता. ते जेवण उरकून उभे राहिले आणि बोलू लागले. बस सुटेपर्यंत बोलायचं, एवढाच बेत.

चर्चा बंद करायला आमच्याकडे हात वर करत नसत. कोपर टेकवून, हात वर ठेवूनच झोपणारे फार; मोजणी चुकायची. मी चिटणीस, मी पूजेतलं असतं तसं तांब्याचं ताम्हण फिरवायचो. ज्याला पुरे झालं त्याने गळ्यातला पांढरा बँड सोडून त्यात टाकायचा. दोन तृतीयांश बँड पडले की बोलणारा खाली बसणार. बोलणाऱ्यालाही मत होतं म्हणा, पण स्वतःचं तोंड बंद करायला कोण मत देतो?

पहिल्या फेरीत बँड कमी पडले. दुसऱ्या फेरीत एकच कमी. अक्कांचा गळ्यातच होता. आपल्याच नावावर मत द्यायचं नाही, म्हणाल्या.

ऊन खिडकीतून आत सरकलं तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. आचार्यांनी पेला तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं, शब्द मात्र तुटला नाही. मग ते दम घेईनासे झाले. आवाज त्यांचाच, पण एकसुरी, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा. कुठल्याशा विहिरीच्या दाव्याबद्दल बोलत होते. त्यातला एकही पक्षकार आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हता. मागच्या बाकांवरचं हसू थांबलं.

त्यांनी खुर्ची ओढली. गुडघे वाकेनात.

मी जवळ गेलो. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. उजवा हात गळ्याकडे न्यायची धडपड चाललेली, पण तो छातीपाशीच अडकायचा. तोंड बोलतच होतं.

"अण्णा, ताम्हण फिरवा," अक्का हळूच म्हणाल्या. "त्यांना सोडवा."

आधीचे बँड ताम्हणातच होते. मी प्रत्येकासमोर थांबलो. भीतीने कोणाचा हात हलला नाही. अक्कांचाही बँड गळ्यातच राहिला.

टेबलाशी येऊन मोजले.

पुरले.

"चर्चा बंद," मी म्हणालो.

आचार्य अर्ध्या शब्दावर थांबले. पंख्याची घरघर ऐकू आली. ते धपकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. अक्कांनीच पाणी पाजलं.

"साकव्वा, साकु," ते पुटपुटले. म्हणजे कानडीत, पुरे झालं, बाई.

ठरावाला पहिली संमती त्यांनीच दिली. बस मिळाली. चहा आला, मुकुलनेच सगळ्यांना दिला, आणि उगाचच कशावर तरी आम्ही पोट धरून हसलो. इतकं हलकं मला नंतर कधी वाटलं नाही.

जो तो आपला बँड घेऊन गेला. तळाशी एक उरला. आचार्यांचा गळा उघडा होता.

"तुमचा," मी म्हणालो.

"मी सोडला नाही."

मी तो उचलला. मानेमागे बांधायची नाडीची गाठ तशीच आवळलेली होती. फास जेमतेम आचार्यांच्या गळ्याएवढा. डोक्यावरून निघाला नसता.