मागणी घालत आहे

पिवळी रेघ ओलांडून मी विमानतळाच्या धावपट्टीकडे तीन पावलं गेले, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, रेघेच्या आत या."

"दोन मिनिटं. लशींचं तापमान बघतेय."

"विमान दोन मिनिटं थांबत नसतं."

मी वळले. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन्सिल. मी थर्मामीटर त्याच्या नाकासमोर धरला. "आठच्या वर जायला नको. एकोणीस झालंय."

त्याने थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ.

मालवाहू विमान कंपन्यांच्या संघटनेची बाजू सरकारपुढे मांडणं हे माझं काम. ताई म्हणते, तोंडाळपणाचा पगार मिळतो हिला. नव्या नियमामुळे लशींची खोकी भर उन्हात उघडून तपासत होते. ती शीतगृहात तपासा, एवढंच आमचं म्हणणं होतं.

आठवड्याने सुनावणीला गेले, तर अधिकाऱ्याच्या खुर्चीत तोच.

"निवेदन उत्तम आहे," तो म्हणाला. "फक्त शेवटचं वाक्य... 'वरील मुद्द्यांवर संघटना आपणास मागणी घालत आहे.'"

सगळी खोली हसली. 'घालत'खाली लाल रेघ होती.

"करत आहे, असं म्हणायचंय का?"

"सध्या तरी," मी म्हणाले.

आता लाल व्हायची पाळी त्याची होती.

पुढच्या तीन सुनावण्यांत त्याने माझा प्रत्येक आकडा तपासला. स्वतः उन्हात खोक्यांपाशी उभा राहिला. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाला, "निकाल लागेपर्यंत तुमचं पाणीही चालणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर... तहान लागेल बहुतेक."

शेवटच्या सुनावणीला तो उभा राहिला. "हा निकाल मी देऊ शकत नाही. माझे व्यक्तिगत हितसंबंध गुंतलेत. तसं लिहून दिलंय."

"कुठल्या कंपनीत?" आमच्या अध्यक्षांनी विचारलं.

"कंपनीत नाही," म्हणत तो निघून गेला. पेन्सिल टेबलावरच राहिली.

माझे कान तापले. आनंदाने, आणि रागानेही. आमचं म्हणणं पटलेला एकुलता एक माणूस गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंचा 'नाही' कधी बदलत नाही, अशी ख्याती होती.

मी कागद मिटले. थंड पाणी भरलेली लशींची दोन खोकी आणवली. एक उघडून अंगणातल्या उन्हात ठेवलं, एक शीतपेटीत. "तासाभराने तापमान तुम्हीच वाचा, मॅडम."

बाईंनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि नियम बदलला.

बाहेर जिन्यापाशी तो उभा होता.

"तुम्ही असतात तर पंधरा मिनिटांत झालं असतं," मी म्हणाले.

"मग ते तुमचं यश राहिलं नसतं."

मी पिशवीतून पहिल्या निवेदनाचं शेवटचं पान काढलं, आणि त्याचीच पेन्सिल. 'संघटना' खोडून तिथे 'मी' लिहिलं. 'घालत' तसंच ठेवलं. पान त्याच्या हातात दिलं.

त्याने सावकाश वाचलं. "अजून एक चूक आहे."

"कुठे?"

त्याने पेन्सिल घेतली, 'आपणास' खोडलं आणि वर लिहिलं — 'तुला'.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला. "पाणी आहे का गं?"