तीन बरण्या, एक तळं

"एकोणीस, वीस... गोटी, बरणी हलवू नकोस ना!" ठिणगीने धाकट्या भावाच्या हातावर चापट मारली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

सुट्टीचा चौथाच दिवस, आणि ही पोरं वाचनालयाच्या मागच्या पायरीवर डासांच्या अळ्या मोजत बसली होती! ठिणगी सहावीतली, राग कायम नाकावर. तिसरा शेजारचा बॅटरी. चष्म्याच्या जाड भिंगांमुळे त्याला हे नाव पडलं होतं. समोर तीन बरण्या, प्रत्येकीत तळ्याचं पाणी, मूठभर गाळ आणि मोजून वीस अळ्या. आता त्यांत मासे सोडायचे होते. परीक्षाच होती ती, आणि उमेदवार होते तीन जातींचे मासे.

वाचनालयाच्या अंगणातलं ते छोटं तळं ठिणगीच्या मामाने स्वतःच्या हातांनी खणलं होतं. मामा तिथला माळी. यंदा पाणी हिरवं पडलं, डास वाढले, आणि अध्यक्षांनी फर्मान काढलं की तीन आठवड्यांत तळं साफ झालं नाही, तर माती टाकून बुजवायचं. त्या रात्री मामा अर्ध्या ताटावरून उठला. ते ठिणगीला बघवलं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी मामाचं तळं बुजू द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

माशांच्या दुकानदाराने काचेला चिकटणारा एक काळा मासा आणि एक लठ्ठ सोनेरी मासा परत करायच्या बोलीवर दिला. दोघांचीही त्याने तोंड भरून तारीफ केली होती. ठिणगीने साधे, चिमुकले गप्पी मासे मागितले तेव्हा मात्र त्याने नाक मुरडलं, पण तीन दिले.

संध्याकाळी निकाल लागला. काळ्याने एकाही अळीला तोंड लावलं नव्हतं. सोनेरीने बारा खाल्ल्या, पण गाळ उकरून पाण्याचा पार चहा करून ठेवला. तीन चिमुकल्या गप्पींच्या बरणीत मात्र औषधालाही अळी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून आणलेले पन्नास गप्पी तळ्यात गेले.

दहा दिवसांनी बॅटरीने पांढऱ्या वाडग्यात तळ्याचं पाणी घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. सतरा अळ्या! पाणीही होतं तसंच हिरवं. बरणीत अळ्यांचा फडशा पाडणारे मासे तळ्यात येऊन ऐतखाऊ कसे झाले?

ठिणगी विचार करत काठावर वाकली. तिची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळे गप्पी तोंडं वासून तिच्याकडे धावत आले.

"यांना कोणीतरी भरवतंय," ती म्हणाली. "म्हणून माणूस दिसला की येतात."

गोटीने काठीने तळ ढवळला, तर पावाचा कुजका लगदा वर आला. पोट भरल्यावर अळ्या कोण खाणार? आणि उरलंसुरलं कुजून पाणी आणखी हिरवं होत होतं.

दोन दिवस पोरांनी वाचनालयाच्या खिडकीतून पाळत ठेवली. सकाळी पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघत बिस्किटं टाकली. दुपारी पुस्तकं बांधणाऱ्या काकांनी पाव टाकला. संध्याकाळी तर खुद्द अध्यक्ष! पहारेकऱ्याला विचारलं, तर त्याने चक्क कानावर हात ठेवले. शिवाय भल्या पहाटे पाण्यावर भाताची शितं तरंगायची, ती कोणाची हे कळतच नव्हतं.

मग बॅटरीने युक्ती काढली. वाचनालयातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला गाठून हळूच सांगायचं, की मासे सुकल्यासारखे दिसतात, आणि पाच वाजता तळ्यावर कोणी नसतं. मामालाही सांगायचं म्हटल्यावर ठिणगी भडकली. पण बॅटरी हटून बसला. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

पाच वाजता पहारेकरी आला, हातात पुडा. पलीकडून काका. झाडामागून अध्यक्ष. तिघे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात फाटकातून मामा आला. त्याच्या हातात भाताचा डबा होता.

"मामा, तूसुद्धा?" ठिणगी म्हणाली.

"लहान जीव आहेत गं," मामा ओशाळून म्हणाला. "माझ्या तळ्यात उपाशी नकोत राहायला."

रडू येत होतं, पण तिने ते गिळलं. वाडगाभर पाणी काढून सगळ्यांपुढे धरलं. "बघा या अळ्या. आपणच पोसतोय यांना. सोमवारी मुदत संपते, अजून पाच दिवस आहेत. कोणी काही टाकू नका. मग बुजवायचं तर खुशाल बुजवा."

अध्यक्षांनी खिशातला पाव मुकाट्याने काकांच्या पिशवीत टाकला आणि मान हलवली. मामाने त्याच संध्याकाळी तळातली सगळी घाण उपसली.

सोमवारी मातीची गाडी फाटकात येऊन उभी राहिली. तळ्याचं पाणी आता बरंच निवळलं होतं. अध्यक्षांनी बाह्या सरसावून स्वतः वाडगा बुडवला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एक अळी आली आणि तिच्यामागे एक गप्पी. अध्यक्ष बघत असतानाच त्याने ती गिळली.

"गाडी परत न्या," अध्यक्ष म्हणाले. मग पोरांकडे वळले. "आम्हा मोठ्यांना आमची चूक न रागावता दाखवलीत. शाबास!"

सगळे पांगल्यावर मामा काठावर उकिडवा बसला. त्याला बघून दोनचार गप्पी वर आले. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"उपाशी नाहीत ना गं ते?"

ठिणगी त्याच्या खांद्याला टेकली. "नाहीत, मामा. कामावर आहेत."