पोटाशी धरलेले बूट

काम तसं साधंच होतं. शिखराखालच्या तंबूत गॅसची नळकांडी पोहोचवायची आणि भाऊजींना खाली घेऊन यायचं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. छातीत कफ भरला म्हणून मी खाली उतरलो, तेव्हा "हवा उघडली की एकटा शिखर गाठतो" म्हणून ते वरच राहिले. हवा काही उघडली नाही. दोन रात्री नुसतं वादळ.

ताई फोनवर एवढंच म्हणाली, "त्यांना चालत घरी आण. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

सोबत आमच्या मोहिमेचे स्वयंपाकी होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. हिवाळ्यात त्या डोंगरावर श्वाससुद्धा उसना घ्यावा लागतो. दोनचार पावलं टाकायची, बर्फाच्या कुऱ्हाडीवर रेलायचं, छातीचा भाता शांत होऊ द्यायचा. वारा सोलून काढत होता. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

पण मला घोर वेगळाच होता. तिथल्या बुटांच्या आत लोकरीचा दुसरा बूट असतो. तो रात्री बाहेर राहिला तर गोठतो आणि सकाळी पायाची बोटं घेऊन जातो. म्हणून आमची रीत अशी, की जोडीदाराचे आतले बूट आपण पोटाशी घेऊन झोपायचं आणि आपले त्यानं. स्वतःचे माणूस झोपेत लाथाडतो, दुसऱ्याचे जपतो. भाऊजी तर एकटे होते. त्यांचे बूट कोण पोटाशी घेणार?

दुपार कलताना तंबू दिसला, अर्धा बर्फात गाडलेला. दाराची चेन गोठली होती. मामा ती चाकूनं खरवडू लागले आणि मध्येच थांबले. आत भाऊजी हळू आवाजात बोलत होते.

"एकटेच आहेत ना?" मामांनी विचारलं.

"एकटेच..."

आत शिरलो. ओल्या लोकरीचा कुबट वास भरला होता. गॅस कधीच संपलेला. भाऊजींचे ओठ फुटले होते, पण ते जिवंत होते. मला रडू आवरेना.

"बाहेर कशाला गेलास?" ते म्हणाले. "आत्ता तर इथे होतास."

"भाऊजी, तुमचे आतले बूट कुठे आहेत?"

"तुझ्याकडे."

त्यांनी माझ्या स्लीपिंग बॅगकडे मान हलवली. मी ती वरच ठेवून गेलो होतो. आत हात घातला. बूट होते, आणि ते गरम होते. आत्ताच कुणाच्या तरी पोटावरून उचलल्यासारखे.

"छान जपलेस हं," भाऊजी म्हणाले. "मीही तुझे जपलेत."

त्यांनी पोटाशी धरलेला जोड बाहेर काढला. जुनी काळी लोकर, नाड्या कुजलेल्या. दोन रात्री अंगाच्या उबेत राहूनही ते बूट दगडासारखे गोठलेले होते. माझे माझ्या पायांत होते.

"तो जोड इथेच राहू द्या..." मामा कुजबुजले. "त्यांना बूट घाला आणि चला."

मी तो जोड कोपऱ्यात टाकला आणि बाहेर येऊन चेन स्वतःच्या हातानं लावली. उतरताना भाऊजी सारखे मागे वळत होते. "अरे, त्याचे बूट राहिले..." म्हणत होते. 'त्याचे' म्हणत होते, 'तुझे' नाही.

भाऊजी चालत घरी पोहोचले. पायाचं एकही बोट गेलं नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिलं. ताईनं माझे हात धरले.

काल तिचा फोन आला.

"तुझे ते जुने काळे बूट घेऊन जा बाबा. हे रोज पोटाशी घेऊन झोपतात. कितीही वाळवले तरी सकाळी अंथरूण ओलंच. आणि यांचं अंग इतकं गार लागतं..."



"ताई, भाऊजींचे स्वतःचे बूट कुठे असतात?"



"तेच तर... रोज सकाळी शोधावे लागतात. सापडतात तेव्हा गरम असतात."