त्याने न लिहिलेलं गाणं

लखनौत निशातगंजहून हजरतगंजला जाणाऱ्या शेअर ऑटोत स्वरदा आपला लेख पुटपुटत होती. हजरतगंजातल्या एका कॅफेत दर रविवारी मंडळी जमत आणि आपल्या लाडक्या गाण्यावर लिहिलेलं वाचून दाखवत. गझल असो की रॉक, कशालाच बंदी नव्हती. तिने आज लावणी निवडली होती.

“...ही लावणी ऐकली की अंगात वीज संचारते—”

“बिजली हटा दीजिए,” शेजारून आवाज आला. “सब यही लिखते हैं.”

तिने चमकून पाहिलं. मफलरमध्ये अर्धा बुडालेला चेहरा, आणि त्यात हसणारे डोळे...

“तुम्हाला मराठी कळतं?”

“समझता हूँ. बोलने में... शर्म आती है.”

त्याचं नाव प्रणव. वडील मूळचे साताऱ्याचे. फौजेतून निवृत्त होऊन छावणीजवळच राहिलेले. तो त्या दिवशी तिच्यामागोमाग कॅफेत आला आणि मग येतच राहिला. कधी कव्वालीवर लिही, कधी लग्नातल्या बँडवर वाजणाऱ्या उडत्या पंजाबी गाण्यावर. सगळ्यांना पोट धरून हसवी. पण वाचायला उभा राहिला की आधी त्याची नजर तिला शोधे. ती सापडल्याशिवाय पहिला शब्द फुटत नसे.

“तुझ्या आईचं आवडतं गाणं कोणतं होतं रे?” एकदा गोमतीकाठी तिने सहज विचारलं.

त्याचं हसू मावळलं. “एक भावगीत था. वो गईं, तब से सुना नहीं. उस पर नहीं लिख पाऊँगा.”

“नको लिहूस. माझ्याबरोबर ऐक.”

त्याला नाव विचारून तिने ते फोनवर लावलं. एक इअरफोन त्याच्या कानात, एक तिच्या. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. दुसऱ्या कडव्याला त्याने तिच्या स्वेटरची बाही घट्ट धरली. गाणं संपलं, तरी सोडली नाही.

“पुन्हा लावू?”

“नको...” तो हळूच मराठीत म्हणाला, “थोडा वेळ अशीच बस.”

त्यानंतर रविवारची वाट बघणं तिला जड जाऊ लागलं.

आणि नेमकी तेव्हाच तिची नाशिकला बदली झाली. बदलीसाठी बँकेत वर्षापूर्वी तिनेच अर्ज केला होता. नाशिकहून फोनवर आई आनंदाने रडली. प्रणव फक्त “बधाई हो” म्हणाला. पुढच्या रविवारी तो कॅफेत फिरकलाच नाही.

शेवटच्या रविवारी मात्र ती बाहेर पडली, तर हा फुटपाथवर उभा.

“आत का नाही आलास?”

“क्या पढ़ता? गाने पे लिखना आसान है. गाना सामने बैठकर मुझे देखता थोड़ी है.”

“आणि मी बघते, म्हणून गप्प बसायचं?” तिचा आवाज चिरकला. “मी चाललेय, प्रणव. तुला काहीच म्हणायचं नाही?”

“बाबांना इथे एकटं टाकून मी येऊ शकत नाही, स्वरदा. और तुम्हें रोकूँ... इतना हक़ कहाँ है मेरा?”

“हक्क मागून तरी बघायचंस.”

 तो स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून तिच्या गळ्यात गुंडाळत म्हणाला—

“रुको मत. माँ के पास जाओ. बस... मेरी होकर जाओ.”

 तिने मफलरवरच्या त्याच्या हातावर गाल टेकला आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी ती नाशिकला पोचली. आईने दारातच तिचा चेहरा ओंजळीत धरला. “अगं, घरी आलीस ना? मग डोळ्यांत पाणी का?”

“आई,” स्वरदा म्हणाली, “आधी बस. लखनौला एक जण आहे... त्याच्याबद्दल सांगायचंय.”