फोन वाजला नाही

लाकडी पेटी. आत अठ्ठावीस कप्पे. प्रत्येक कप्प्याचं एक पितळी टोकन, आणि चौदा नंबरच्या टोकनाची कड चेपलेली.

*

एका सायकलवर चार ट्रे, म्हणजे एकशे वीस अंडी. तीन कोसांच्या रस्त्यात एकही फुटत नाही. अंडीवाल्याला याचा अभिमान आहे.

*

"अभिनंदन! आपण ठोसा क्लबचे सभासद झालात. रोज एक जबरदस्त मारामारी थेट आपल्या फोनवर."

*

ऑफिसच्या भिंतीवर रंगवलेलं: तीन तोकडे भोंगे – सुरुंग. एक लांब भोंगा – थांबा.

*

"ड्रम तीन लागतील. ढापण्याला पोहता येत नाही, त्याला मधल्या ड्रमला बांधू."

"आणि ड्रम बुडाला तर?" ढापण्यानं विचारलं.

"तर तुला सोडवायला एक गाठ जास्त. म्हणून सैल बांधू."

*

मंगळवार, दुपारी एक.

जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यावर तीन ड्रमांचा तराफा डुगडुगत होता. पुढे भिंगरी उभी होती. वय बारा, आणि एका जागी पाच मिनिटं बसल्याची कुठेही नोंद नाही. मधे तिचा मावसभाऊ ढापण्या, सुट्टीला आलेला, चष्म्याला दोरी आणि कमरेला दोरखंड. मागे वल्हं मारत होता गोटी, सुरुंगवाल्याचा दहा वर्षांचा मुलगा, अंगानं लहान आणि डोक्यानं टणक.

तीन तोकडे भोंगे झाले. मग डोंगराचा एक तुकडा उठला आणि खाली बसला. पाणी थरारलं. हे दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्हायचं, मुलं मोजायचीही नाहीत.

पण या वेळी सुरुंगानंतर माणसाची किंकाळी आली.

मुलं पोचली तेव्हा वळणाच्या पुढे, खाणीच्या बाजूला सायकल दुमडून पडली होती. रस्ताभर पिवळं आणि पांढरं वाहत होतं, त्यात मधूनच लाल. अंडीवाल्याच्या मांडीवर कलिंगडाएवढा दगड बसला होता. पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. त्याचं डोकं मांडीवर धरून धुळीत बसली होती भिंगरीची आई.

आईचं काम सोपं होतं. सकाळी इतर बायकांबरोबर माती वाहायची. दारू भरलेल्या भोकांवर ती माती ठासतात. मग वळणावर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं आणि येणारा-जाणारा अडवायचा. कुणी ऐकलं नाही आणि आत घुसलं, तर ऑफिसात फोन करायचा. ऑफिसातला कारकून लांब भोंगा देणार, सुरुंगवाला हात मागे घेणार.

आणि फोन वाजला नाही, म्हणजे रस्ता मोकळा. असा नियम होता.

फोन वाजला नाही. कारकुनानं ते पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथेवर सांगितलं. ते खरंच होतं.

अंडीवाल्याचे दोन भाऊ ट्रॅक्टरवरून आले. थोरल्यानं आईच्या हातातली झेंडीची काठी घेऊन गुडघ्यावर मोडली. धाकट्यानं तिचा फोन हिसकला, खडकावर आपटला आणि वर टाच दिली. झोपली होती, असं तो ओरडत होता. बाई झोपली होती आणि माझ्या भावाचा पाय गेला. मुकादमानं मधे पडायला हवं होतं. तो चपलेला लागलेलं अंडं दगडाला पुसत होता.

त्या दिवशी संध्याकाळी भिंगरीच्या दारावर दगड आले. एकानं खिडकी फोडली, एकानं पाण्याचा माठ. मुकादम निरोप घेऊन आला: शनिवारी मालक येणार. आईचं काम जाणार, खाणीची खोली रिकामी करावी लागणार, आणि प्रकरण पोलिसांत. तो गेला तेव्हा भिंगरीनं जे विचारू नये ते विचारलं.

"आई, तुला डुलकी लागली होती का?"

कानशिलात बसली. आईनं तिला आयुष्यात पहिल्यांदा मारलं होतं. मग आई स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

"लावला होता," ती म्हणाली. "लागला नाही."

*

बुधवार. गाल अजून गरम.

ढापण्यानं ठेचलेल्या फोनमधून सिमकार्ड काढलं. त्याचं म्हणणं असं, की हाड मोडलं तरी जीभ शाबूत असते. सिम त्यानं आपल्या फोनात घातलं आणि सिमवर साठलेल्या मेसेजांनी फोन पिसाळल्यासारखा वाजू लागला.

ठोसा क्लब. ठोसा क्लब. ठोसा क्लब. एका माणसाचा दात उडतोय. दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची. अशा चौदा मारामाऱ्यांखाली एक साधा मेसेज: 'बिलाची मर्यादा ओलांडल्यामुळे आपले जाणारे कॉल बंद करण्यात आले आहेत.' तारीख सोमवारची.

म्हणजे मंगळवारी आईच्या हातात फोन नव्हता. साबणाची वडी होती.

"मावशी, तू हे बघतेस?" ढापण्यानं हळूच विचारलं.

आई कोंबडीचं पीससुद्धा तोंड फिरवून उपटायची. रोज काहीतरी टुणटुणतं, उघडायला वेळ कुणाला, एवढंच ती म्हणाली.

जुनी बिलं डब्याखाली होती. आई नेहमी पहिलं पान बघायची आणि भरायची. भिंगरीनं शेवटच्या बिलाचं तिसरं पान उलटलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इतर कंपन्यांच्या सेवा'. बोलण्यापेक्षा त्याचीच रक्कम मोठी होती.

संध्याकाळपर्यंत तिघांनी खाणीच्या चाळीतली दारं ठोठावली. शाळेचा सुट्टीचा प्रकल्प आहे, असं गोटी सांगत होता, आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं की कुणी विषय विचारला नाही. एकवीस घरांची बिलं मिळाली. सतरा घरं ठोसा क्लबमध्ये होती. त्यांत एक पंच्याहत्तर वर्षांची आजी, जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि जिचा फोन सून कामावर न्यायची, आणि खुद्द गोटीचे बाबा.

ढापण्यानं सेवा सुरू झाल्याच्या तारखा वहीत उतरवल्या. त्याला त्यात काही दिसेना. भिंगरी त्याच्या खांद्यावरून बघत होती, एका पायावर.

"हे सगळे मंगळवार आहेत," ती म्हणाली. "आणि हे शुक्रवार."

सुरुंगाचे दिवस.

*

गुरुवार.

फोन कंपनीच्या मदत क्रमांकावर आई ढापण्याच्या फोनवरून स्वतः बोलली, कारण नंबर तिच्या नावावर होता. पलीकडच्या बाईनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, अशी सेवा तक्रार करून तिथल्या तिथे बंद होते, आणि बाहेरच्या कुठल्याही कंपनीला आपल्या बिलात हात घालता येऊ नये असं कायमचं कुलूप लावून मिळतं, फुकट, फक्त मागावं लागतं. आईनं ते मागितलं. दुसरी, ठोसा क्लब तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. या फोनवर आलेला चार आकडी कोड कुणीतरी वाचून टाकला होता.

आईनं फोन खाली ठेवला. "अकरा वाजता माझ्या डोक्यावर मातीची पाटी असते."

"आणि फोन?"

"फोन पेटीत. चौदा नंबरच्या कप्प्यात."

सुरुंग भरताना डोंगरावर फोन न्यायचा नाही. फोनमुळे दारू अवेळी पेटू शकते, म्हणून कायदा. सकाळी दहाला सगळे जण ऑफिसच्या खिडकीत फोन देत, कारकून तो पेटीत ठेवी आणि बदल्यात पितळी टोकन देई. भरून खाली उतरलं की टोकन देऊन फोन परत. शिवाय दिल्याची आणि घेतल्याची वेळ वहीत लिही. अक्षर सुरेख. सगळे त्याला टोकनकाका म्हणत. फोनला कुलूप घालू नका, कधी घरून निकडीचा फोन आला तर मी उचलून निरोप देईन, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. किती काळजी घेतो, असं चाळ म्हणायची.

भिंगरी आधी मुकादमाकडे गेली. टोकनकाका मुकादमाचा मेहुणा होता. मुकादमानं दात कोरत सगळं ऐकलं आणि सांगितलं, सुट्टी आहे, खेळा. आईला वाचवायला बिचाऱ्या कारकुनावर आळ घेऊ नका. पुन्हा आलीस तर तंगडी मोडीन.

"एक मोडली आहे की या आठवड्यात," भिंगरी म्हणाली आणि पळाली.

*

शुक्रवार, अकरा वाजून पाच.

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. मागच्या पत्र्याला सुरुंगाच्या दगडांनी पाडलेली भोकं. एका भोकाला भिंगरीचा डोळा, एकाला ढापण्याचा फोन. गोटीला राखणीला ठेवलं होतं, भोंग्याच्या खांबाशी.

आत टोकनकाकानं पेटी उघडली आणि फोन टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. चार रांगा. मग स्वतःच्या फोनवर एक नंबर टाकला. तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी फोन टुणटुणला. त्यानं वाकून कोड वाचला, टाकला, यादीवर खूण केली. पुढचा. तो शीळ घालत होता.

ढापण्यानं फोटो काढला. फ्लॅश बंद करायचा राहिला.

शीळ थांबली.

ढापण्या तीन पावलं पळाला असेल. टोकनकाकानं त्याची कॉलर धरून त्याला पत्र्यावर असं आदळलं की आख्खी खोली वाजली. दुसऱ्या थपडेला चष्मा फुटला, गालात काच घुसली. फोन हातातून पडला, त्यावर बूट आला. ज्या काकानं परवापर्यंत मुलांना गोळ्या दिल्या होत्या, त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यानं ढापण्याला खोलीत ओढलं आणि पेटीचा लोखंडी अडसर उचलला.

भिंगरीनं मागोमाग आत धावत जाऊन त्याच्या मनगटाचा चावा घेतला. नुसता दातांनी नाही, जबड्यानं. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडला, हात झटकू लागला, तिला भिंतीवर आपटू लागला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचं कपाळ खिळ्यावर आलं आणि डोळ्यांपुढे लाल पडदा पडला. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि अडसर वर नेला.

तेव्हा भोंगा सुरू झाला.

हातानं फिरवायचा भोंगा होता. दांडा गोटीच्या डोक्यापेक्षा उंच. तो त्याला अक्षरशः लटकला होता. खाली येताना दांडा आणायचा, वर जाताना स्वतः जायचा. भोंगा तुटत नव्हता. एक लांब. एक लांब. एक लांब.

डोंगरावर सुरुंगवाल्यानं तारा सोडल्या. मग सगळे खाली धावत सुटले, ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन. पहारी, हातोडे, फावडी.

त्यांनी दारातून पाहिलं. टेबलावर चार रांगांत त्यांचेच फोन, उघडे, टुणटुणणारे. रक्तानं माखलेलं एक पोर जमिनीवर. दुसरीचे केस टोकनकाकाच्या मुठीत.

कुणी काही विचारलं नाही. पहिली लाथ कुणाची ते नंतर कुणालाच आठवलं नाही. टोकनकाका टेबलावरून पलीकडे गेला, टेबल त्याच्यावर, माणसं टेबलावर. त्याचे दात खळकन पडले. "माझ्या पोराला मारतोस?" असं म्हणत प्रत्येक जण मारत होता, ज्याला पोर नव्हतं तोसुद्धा. शेवटी सुरुंगवाला पुढे आला. मंगळवारी कळ त्याच्या हातानं दाबली गेली होती. तीन रात्री तो झोपला नव्हता. त्यानं पहार दोन्ही हातांनी वर उचलली आणि गर्दी मागे सरली.

पहारीच्या आणि टोकनकाकाच्या डोक्याच्या मधे लाल कापड आलं.

भोंगा ऐकून आई चाळीतून धावत आली होती. नव्या झेंडीवाल्याच्या हातातून झेंडी कधी घेतली ते तिलाही कळलं नव्हतं.

"लाल आहे," ती म्हणाली. "थांबा."

पहार वरच होती.

"मंगळवारी तुम्हाला थांबवता आलं नाही, भाऊ. आज तरी थांबा."

सुरुंगवाल्यानं पहार खाली टाकली. मग तोही खाली बसला आणि मोठ्यानं रडला. गोटी अजून भोंग्याला लटकलेलाच होता. उतरायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं.

*

शनिवारी मालक आला तेव्हा पोलीस आधीच आले होते. टोकनकाकाचं तोंड सुजून बंद झालं होतं, पण त्याची वही बोलली. प्रत्येक फोन पेटीत कधी आला, कधी गेला, मिनिटासकट, सुरेख अक्षरात. कंपनीकडून आलेल्या सतरा वेळा त्याच तासांत बसल्या. नंबरामागे हिस्सा देणाऱ्या बाहेरच्या माणसाचं नाव त्यानं कागदावर लिहून दिलं. कंपनीनं सतरा घरांच्या बिलांतून ठोसा क्लब खोडला आणि चाळीतल्या प्रत्येक फोनच्या बिलाला ते कुलूप लावून घेण्यात आलं, आंधळ्या आजीच्या सगळ्यांत आधी. आईचं काम राहिलं, खोलीही.

मालकानं मुकादमाला विचारलं की मुलं तुझ्याकडे आली होती का. मुकादम दात कोरायला लागला. मालकानं त्याला दुसऱ्या खाणीवर पाठवलं, खडी मोजायला.

भिंगरीच्या कपाळाला पाच टाके पडले, ढापण्याच्या गालाला तीन. सुरुंगवाल्यानं तिघांना ओळीत उभं केलं. शाब्बास वगैरे त्याला जमत नव्हतं. त्यानं तिघांच्या डोक्यावर एकेकदा हात ठेवला आणि भिंगरीला विचारलं, नियम काय असावा, तूच सांग.

"फोन वाजला तरच सुरुंग," ती म्हणाली. "नाही वाजला, तर नाही."

ऑफिसच्या भिंतीवर ते त्याच दिवशी रंगवलं गेलं. खाली मालकानं सही केली.

रविवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी अंड्यांचा ट्रे. तीसच्या तीस शाबूत. ट्रॅक्टर वळणापर्यंत गेला होता. अंडीवाल्याचा धाकटा भाऊ मागे वळून बघत होता. आईनं मोडक्या काठीला पुन्हा बांधलेली झेंडी हिरव्या पदराखाली धरली आणि मोकळ्या हातानं त्याला जायची खूण केली.

मंगळवारी बारा छप्पन ते एक, या चार मिनिटांत आईनं ऑफिसला नऊ वेळा फोन लावला होता. नववा, झेंडी न जुमानता गेलेल्या अंडीवाल्यामागे सुरुंगाच्या दिशेनं पळता पळता.